आत्याच्या हातचा खोकला

माझ्या नणंदेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून, गोड बोलत मुद्द्यावर येणं मला जमत नाही. हेवा तिच्या यवतमाळच्या पक्क्या घराचा नव्हता, नळाच्या पाण्याचा नव्हता, नवऱ्याच्या सरकारी नोकरीचाही नव्हता. तिच्या उजव्या हाताचा होता. माझी लेक तिच्या हाताखाली खोकायची आणि माझ्या हाताखाली खोकत नव्हती, एवढीच गोष्ट. ऐकणाऱ्याला हसू येतं. खोकल्याचाही कोणी हेवा करतं का? मी केला. अख्खा हिवाळा केला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

लेक तेव्हा पहिलीत होती. शाळेत तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि ती काढायलाच तयार होईनात. हृदयाला छिद्र आहे म्हणाले. तोवर आम्ही म्हणायचो, पोरगी नाजूक आहे, जरा धावली की दमते, आत्यावर गेली. मग नागपूरच्या फेऱ्या, कागदपत्रं, रांगा, आणि एकदाचं ऑपरेशन. छातीचं मधलं हाड कापून, आतलं छिद्र बंद करून, हाड पुन्हा तारेने बांधलं. त्या दिवसाबद्दल मी काही सांगणार नाही. तो दिवस मला आठवायचाच नाही.

आठवतो तो त्यानंतरच्या एका सकाळचा प्रकार. पोरगी वॉर्डात आली होती, नळ्या निघाल्या होत्या. पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई आली, तिच्या उशाशी बसली आणि लाडाने म्हणाली, "चल, आता आपण खोकू या." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. आमच्याकडे लेकरू खोकलं की घर उठून बसतं. हळदीचं दूध, छातीला कोमट तेल, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक, ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली. काहीही करा आणि खोकला थांबवा. खोकला थांबला म्हणजे लेकरू बरं. आणि ही बाई कापलेल्या छातीच्या पोरीला खोकायला सांगत होती.

ती फिजिओथेरपीवाली होती. तिने मला समजावलं की ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसं आळशासारखी पडून असतात, तळाला कफ साचतो, आणि ओली प्लास्टिकची पन्नी आतल्या आत चिकटते तसा खालचा भाग चिकटून बसतो. तो उघडला नाही तर न्यूमोनिया. म्हणून छातीशी उशी घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांना हिसका बसत नाही, आणि खोल श्वास घेऊन खोकायचं. मी मान डोलावली. ती दाराबाहेर गेल्यावर मी पोरीच्या दाढेखाली ज्येष्ठमध दिलं आणि तिच्या कानात सांगितलं, दुखत असेल तर नको खोकू गं बाई. पोरगी शहाणी. आईचं ऐकते. दिवसभर एकदाही खोकली नाही आणि मी सगळ्या वॉर्डाला कौतुकाने सांगत फिरले. पुढच्या एक्स-रेच्या फोटोत डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. त्यावरून मला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी ऐकून घेतलं. कोणती आई वेगळं वागली असती, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

सुट्टी देताना डॉक्टरांनी विचारलं, घरात धूळ, धूर असतो का? मी म्हटलं, कापूस असतो.

त्या वर्षांत कापूस घरातच असायचा. विकायची घाई करावी असा भाव नव्हता आणि खरेदी केंद्र आज उघडतं, उद्या उघडतं, असं म्हणत सगळे थांबून राहायचे. आमच्या समोरच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस, आणि आमचा संसार मागच्या खोलीत. अंगाला खाज, भाकरीला तंतू. सकाळची तिरीप आत आली की हवेत कापसाची पूस, ती बारीक तंतूंची धूळ, तरंगताना दिसायची. मुकुटबनपासून आमच्या गावापर्यंत घरोघरी हेच. माणसं बोलायची बंद झाली होती. एखादा जास्तच गप्प झाला की शेजारी काही काम नसताना त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि उगाच बैलांबद्दल बोलत राहायचे.

डॉक्टर म्हणाले, मग पोरीला तिथे न्यायचं नाही. फुप्फुस उघडेपर्यंत रोज व्यायाम हवा, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीच्या मॅडमकडे दाखवायला हवं. आमच्या झरी जामणीकडे अशी मॅडम कुठून असणार? यवतमाळला होती. आणि यवतमाळला नणंद होती.

नणंद वयाने माझ्याएवढीच, पण मान म्हणून मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला वैनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. यावर घरात कोणी बोलत नसे, म्हणजे ती समोर असताना बोलत नसे. ती नागपूरला आली, पोरीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "वैनी, माह्याकडे राहू द्या तिले. तुमी वेचणी आटोपून घ्या. मी आहो न." वेचणीला मजूर मिळत नव्हते, घरी सासूला दिसत नव्हतं, नवरा एकटा. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पोरगी तिच्यासोबत यवतमाळच्या गाडीत बसली तेव्हा मी खिडकीशी उभी राहून तिला सांगत होते, आत्याला त्रास देऊ नको. तिने तो दिला नाही. त्याचंच पुढे मला दुखलं.

बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असायची. तो दिवस धरून मी वणीला गाडी बदलत यवतमाळला पोचले. नणंदेचं घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि समोर गॅलरी. पोरगी गॅलरीत उभी होती. मधे भांग पाडून दोन वेण्या, लाल रिबिनी. मी एकच वेणी घालायचे. मी पायऱ्या चढून गेले, पिशवी टाकली आणि तिला दोन्ही काखांत हात घालून उचलणार, एवढ्यात नणंद आतून ओरडली, "वैनी, नोको! काखेतून उचलू नका. तिचं हाड जुळून राह्यलं."

मी हात मागे घेतले. नणंद पदराला हात पुसत आली आणि मला दाखवू लागली. एक हात पाठीमागे, दुसरा खाली बुडाशी, आणि लेकरू असं अलगद ओंजळीत घेतल्यासारखं उचलायचं. पोरगी तिच्या हातात मजेत बसली होती आणि माझ्याकडे वरून बघत होती. माझ्या पोटातून निघालेली लेक, आणि तिला उचलायचं कसं ते मला नणंद शिकवणार. मी शिकले. दात ओठ खात शिकले.

मग व्यायाम झाला. नणंदेने गोधडीची घडी घातली, पोरीला उजव्या कुशीवर झोपवलं, डावी बाजू वर. बरगड्यांवर टॉवेल टाकला. हाताचा खोलगट द्रोण केला आणि पाठीच्या डाव्या अंगाला थोपटू लागली. आवाज काय छान यायचा! रिकाम्या डब्यावर बोटं पडावीत तसा. थोपटता थोपटता ती पोरीला विचारायची, आज भाजी कोणती करू, शेजारच्या मांजरीला पिल्लं किती होतील. मग बाटलीतल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे. मग आरशावर तोंडाने वाफ सोडून त्यात बोटाने चित्र. आणि शेवटी उशी छातीशी धरून खोकला. नणंद स्वतः आधी म्हशीसारखी खोकायची, भरभक्कम, पोटातून, आणि पोरगी हसत हसत तिच्या मागे. दोन-तीन वेळा झाल्यावर बेडका सुटायचा. पोरगी तो वाटीत टाकायची आणि दोघी तो बघायच्या. हो, बघायच्या. पिवळा की पांढरा, घट्ट की पातळ. एखाद्या घरात जावयाचं कौतुक होत नसेल एवढं त्या घरात बेडक्याचं व्हायचं.

"मी करून पाहते," मी म्हटलं.

नणंद लगेच बाजूला सरकली. तेवढा मोठेपणा तिच्याकडे होता, आणि त्याचाही मला रागच आला. मी हात वळवला, थोपटलं. आवाज आला तो भाकरी थापल्यासारखा, सपाट. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली असतात, तळवा ताठ होतो, द्रोण होत नाही. पोरगी थोडा वेळ सोसत राहिली. मग मान वळवून म्हणाली, "आई, तू मारून राह्यली. आत्या तर वाजवते."

आमच्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. त्यात आत्याचं नाव नाही. हे मी परतीच्या गाडीत स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी आजारी आहे का, इतकी काहून बडबडून राह्यली बाई? मी म्हटलं, कोणी नाही.

गावात आल्यावर मी सराव धरला. आधी कापसाच्या गंजीवर. पण कापूस आवाज खाऊन टाकतो, हात बरोबर पडला की चुकला ते कळत नाही. मग स्वतःच्या मांडीवर. मग नवऱ्याला पालथं झोपवलं.

"आता हे काय काढलं?" तो म्हणाला.

"चुप पडा. खोल श्वास घ्या."

"माह्या हृदयाले छिद्र नाई व."

मी थोपटत राहिले. हात हळूहळू वळू लागला, आवाज पोकळ येऊ लागला. नवऱ्याच्या छातीत त्या हंगामाची पूस भरलेली होतीच, तो एकदम खोकायला लागला, आणि मला असा आनंद झाला की मी टाळी वाजवली. माझ्या हाताला खोकला आला! तो खोकत खोकत माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, कापसाच्या भावाने बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या खेपेला मी तयारीने गेले. हातांना आठवडाभर खोबरेल चोळलं होतं. पोरीला कुशीवर घेतलं, टॉवेल टाकला, थोपटलं. आवाज बरोबर आला. नणंद स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "वा वैनी, जमलं की!" बुडबुडे झाले, वाफ झाली. मी पोरीच्या हातात उशी दिली आणि म्हटलं, "खोक आता."

तिने उशी धरली. माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"आत्या आली की खोकतो," ती म्हणाली.

खोकला कोणी शिल्लक ठेवतं का? तिने ठेवला. नणंद हात पुसून येईपर्यंत तो तिने छातीत धरून ठेवला, आणि ती येऊन बसल्याबरोबर असा काढला की वाटी भरली. दोघींनी वाटी बघितली. मला दाखवायचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी मी हट्टाने त्यांच्यासोबत मॅडमकडे गेले. मॅडम पुण्याकडच्या, स्वच्छ बोलणाऱ्या. पाठीला नळी लावून ऐकलं, खुश झाल्या, आणि नणंदेला म्हणाल्या, "तुमच्यासारखे पालक मिळाले तर आमचं काम अर्धं होतं बघा." नणंद लाजली. मी बाकावर बसले होते, मांडीवर पोरीचा स्वेटर. मी म्हटलं, "आई मी आहे." मॅडम म्हणाल्या, "हो का? अरे वा," आणि पुन्हा नणंदेकडे वळून तिला नवा व्यायाम समजावू लागल्या. नणंदेने तेव्हाच सांगायला हवं होतं की मी आत्या आहे. तिला तेवढा एक शब्द उच्चारायला काय झालं होतं? पण ती नुसती लाजली. पालक म्हटल्यावर लाजली. ते लाजणं मी विसरले नाही.

संक्रांत झाली आणि पोरीला सर्दी झाली. साधी सर्दी, पण ती थंड पडली. म्हणजे अंग तापलेलं, पोरगी थंड. बुडबुडे काढायचा कंटाळा, आरशाकडे पाठ, खाणं नको. मुख्य म्हणजे खोकणं बंद. मला निरोप आला तशी मी वेचणी टाकून निघाले आणि यवतमाळलाच राहिले. मॅडमनी ऐकलं, फोटो काढायला लावला. डावीकडे खाली पुन्हा पांढरं दिसू लागलं होतं. कफाचा घट्ट गोळा अडकून बसलाय म्हणाल्या. तो तीन-चार दिवसांत सुटला तर ठीक, नाहीतर पोरीला परत नागपूरला न्यावं लागेल, गुंगी देऊन आत नळी घालून तो काढावा लागेल. आताच भरत आलेल्या छातीला पुन्हा ते सगळं. नणंदेचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार, पण मला तिचाच दिसत होता.

तिचा नवरा दिवसभर नोकरीवर; दोन खोल्यांत दोन बायका, एका म्यानात दोन तलवारी. सकाळी ती थोपटायची, दुपारी मी, संध्याकाळी पुन्हा ती. ती म्हैस व्हायची, मी गाय व्हायचे. पोरगी आमचे हात आले की गोधडी डोक्यावरून घ्यायची. नणंदेच्या हातालाही खोकत नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला त्याने जरा बरं वाटलं. मोठी आली वाजवणारी! दुसऱ्या दिवशी बरं वाटेनासं झालं. पोरीचा श्वास उथळ पडत होता, नाकपुड्या हलत होत्या. मी कारण शोधू लागले.

कारण समोरच बसलं होतं. मी त्याचं नाव घेतलं नाही. असल्या गोष्टीत नाव घ्यावंच लागत नाही. मूल नसलेली बाई, दिवसभर लेकराच्या तोंडाकडे टक लावून बघणारी, दोन-दोन वेण्या घालणारी, तीट मात्र कधी न लावणारी. नजर दुसरी कशी लागते? माझ्या सासूने ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आणि त्यावर उपाय आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच: मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, लेकरावरून उतरायच्या आणि विस्तवावर टाकायच्या. मिरचीचा ठसका लागला तर समजायचं, नजर नव्हतीच. मिरच्या जळून कोळसा झाल्या आणि कोणाला साधी शिंकही आली नाही, तर नजर होती, आणि ती गेली. मला खात्री होती की ठसका लागणार नाही.

दुपारी नणंद औषध आणायला निघाली. "वैनी, येतो मी पटकन. पोरीकडे पाहाल," तिने सांगितलं. मी म्हटलं, "जा न ताई, आरामात या." ती पायऱ्या उतरल्यावर मी तिच्याच डब्यातल्या मिरच्या घेतल्या. चांगल्या भिवापुरी, भडक. पोरीला पाटावर बसवलं, मूठ उतरली, मनात म्हणायचं ते म्हटलं आणि गॅसवर तापलेल्या तव्यात मूठ सोडली.

गावात आम्ही हे चुलीच्या निखाऱ्यावर करतो. धूर कौलांतून वर जातो. इथे सिमेंटचं छत, आणि थंडी म्हणून नणंदेने खिडक्या लावून घेतलेल्या. क्षणभर काही झालं नाही. मी पोरीकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं, बघ, म्हटलं नव्हतं? मग तो धूर उठला. माझा घसा धरला, डोळ्यांतून पाणी, पुढचं दिसेना. मी गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. पोरगी खोकायला लागली होती, कोरडी, घुसमटलेली, एकावर एक. मी तिच्याकडे धावले आणि काखेत हात घालायला निघालेले ते हात वाटेतच वळले. एक पाठीमागे, एक बुडाशी. उचललं आणि गॅलरीत आणलं.

गॅलरीत तिला मांडीवर घेऊन बसले. तिचा चेहरा लाल-निळा झाला होता. दोन्ही हात हवेत काहीतरी शोधत होते. उशी! उशी आत राहिली होती आणि धुरात ती नणंदेने कुठे ठेवलीय ते मला माहीत नव्हतं. मी नुसती "थांब, थांब" करत होते. पोरीने माझा डावा हात पकडला, दंडापासून मनगटापर्यंत, आपल्या छातीवर आडवा ओढला, दोन्ही हातांनी आवळला, आणि खोकली. तारेने बांधलेलं हाड माझ्या हाताखाली थरथरलं. ते मला कळलं. आतून काहीतरी सरकत वर येत होतं तेही कळलं. तिने श्वास घेतला, तोंड उघडं ठेवून, शिकवला होता तसा, खालपर्यंत. पुन्हा आवळलं, पुन्हा खोकली, पोटातून. तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या मनगटावर एक घट्ट, पिवळा-हिरवा गोळा पडला.

पुढचं आत्ताच सांगते, नाहीतर कोणी हे ऐकून उठेल आणि मिरच्या जाळायला बसेल. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऐकलं तर हवा खालपर्यंत जात होती. नागपूर टळलं. पण मिरचीचं कळल्यावर त्यांनी मला सगळ्या पेशंटांसमोर असं झाडलं की मी कुठे बघावं ते मला कळेना. लेकरू गुदमरून गेलं असतं म्हणाल्या. आणि तो गोळा धुराने सुटला अशा भ्रमात राहू नका; इतके दिवस रोज जे थोपटलं, जे करून घेतलं, त्याने तो सुटत आला होता. कोणी करून घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

गॅलरीत मात्र तेव्हा मी, माझी लेक आणि माझ्या मनगटावरचा तो गोळा, एवढंच होतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वास मला माझ्या बरगड्यांत ऐकू येत होता. मी हात पुसला नाही. मला पुसावासा वाटला नाही.

पायऱ्यांवर खोकल्याचा आवाज आला. नणंद वर येत होती, पदर तोंडाला, एका हातात औषधाची पुडी. धूर जिन्यापर्यंत पोचला होता. ती दारातून आत गेली, खिडक्या उघडल्याचा आवाज आला, तवा मोरीत टाकल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं होतं असं मी तेव्हा धरून चालले. आधी तिने पोरीकडे पाहिलं. पोरीच्या मिठीतल्या माझ्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. एवढे दिवस मी ते घेऊन वणीच्या गाडीतून जात-येत होते, मी ओळखणार नाही?

"ठसका तर साऱ्याईलेच लागला, वैनी," ती म्हणाली.

मी पोरीला जास्त जवळ ओढलं.

तेवढ्यात पोरीने माझ्या खांद्यावरून मान वर केली. नाक वाहतंय, डोळे लाल, वेण्या सुटलेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली. "आत्या! बेडका निघाला!"

नणंद एक पाऊल पुढे आली. हात उचलला होता तिने. मग तो तिने चौकटीवर परत ठेवला.

"मले कायले सांगतं?" ती म्हणाली. "तुह्या मायले सांग."

लेकीने मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून तिच्या छातीशी आवळलेला होता.

"आई, निघाला," तिने मला सांगितलं, जशी काही मी आत्ताच गाडीतून उतरून आले होते.